लाकडालाही पावसाळा लागतो

जून संपता संपता ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, लोकल लेट. दुसरी, ‘बेडरूमचं दार लागत नाहीये यार!’ मग रविवारी मिस्त्रीला फोन जातो. मिस्त्री येतो, दार बिजागरीतून उतरवतो, कडेवर रंधा मारतो, चहा पितो, पैसे घेतो आणि जातो. दार झकास लागतं. सगळे खूश. आणि जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून हॉलमधला टीव्ही दिसायला लागतो. मग मिस्त्रीच्या नावाने शिमगा!

मंडळी, यात मिस्त्रीचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा लाकडाच्या स्वभावाचा आहे, आणि तो स्वभाव आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. आपण टाइल्सचा शेड निवडायला तीन रविवार घालवतो, मॉड्युलर किचनचे कॅटलॉग पाठ करतो. पण लॅमिनेटच्या खाली काय आहे, ते कशाने चिकटवलंय, हे विचारायचं राहून जातं. म्हणूनच वीस वर्षांचं होमलोन आणि पाच वर्षांचं किचन, अशी जोडी घरोघरी दिसते.

तेव्हा आजच्या कॉलममध्ये एकच गोष्ट. लाकूड, प्लाय, ग्लू, पॉलिश, यातलं काहीही घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे पाणी येणार का, आणि आलं तर काय होईल? सुतारकामातली निम्मी अक्कल या एका प्रश्नात आहे.

फळी रुंदीला वाढते, लांबीला नाही

झाड तोडलं म्हणून लाकडाचं पाण्याशी नातं तुटत नाही. हवा दमट झाली की लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की ती सोडून आकसतं. हे कायम चालू राहतं. आजीच्या माहेरचं शंभर वर्षांचं कपाटसुद्धा दर पावसाळ्यात थोडं जाड होतं!

गंमत अशी, की हे फुगणं सगळीकडे सारखं नसतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीला, फळी जवळपास हलतच नाही. हलते ती रुंदीला. आता हिशेब करू. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसतं. आपल्याकडच्या उन्हाळा-पावसाळ्याच्या फरकात यातला काही हिस्साच वाट्याला येतो. तरी ३०० मिलिमीटर रुंदीची, म्हणजे सुमारे एक फुटाची फळी २ ते ३ मिलिमीटर हलू शकते. आणि साग हा शांत स्वभावाचा गडी. हल्ली फर्निचरला सर्रास वापरलं जाणारं बीच घेतलंत, तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो.

दाराला चौकटीत फट असते तीच मुळी २-३ मिलिमीटरची. पावसात ती भरून निघते आणि दार अडतं. तिथे रंधा मारला, की उन्हाळ्यात ती दुप्पट होते. वर रंध्यामुळे कडेचा रंग निघून कोरं लाकूड उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात ते आणखी पाणी पितं. म्हणून दार नुसतं घासत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत का ते बघा. निम्मी दारं तिथेच सुधारतात. अगदीच अडत असेल तर घासत असलेल्या जागी मेणबत्ती चोळा आणि दसऱ्यापर्यंत धीर धरा. कोरड्या दिवसांत दाराची वरची आणि खालची कड बघा. रंगारी तिथे ब्रश लावतच नाहीत, कारण ती कुणाला दिसत नाही. त्या दोन कडांना दोन हात सीलर दिलात, की पुढचा पावसाळा बराच सुसह्य होतो.

आणि हो, मुंबईकरांनी स्वतःला फार दुर्दैवी समजू नये. मुंबईची हवा बाराही महिने दमटच असते, त्यामुळे लाकूड फुगलेलं असतं पण तुलनेनं स्थिर असतं. खरी परीक्षा पुण्यात आणि नागपुरात. मे महिन्यात तिथली हवा कडकडीत कोरडी, आणि दोन महिन्यांत चिंब! मुंबईहून पुण्याला ट्रान्सफर झालेल्यांच्या डायनिंग टेबलला पहिल्याच उन्हाळ्यात चीर का पडते, याचं उत्तर इथे आहे.

जुन्या सुतारांना हे सगळं पाठ होतं. वाड्याचं जुनं दार नीट बघा. भक्कम चौकट, आणि तिच्या खाचेत सैल बसवलेल्या फळ्या. या फळ्यांना दिलहे म्हणतात. ते खिळ्याने ठोकलेले नसतात, चिकटवलेले नसतात. ते खाचेतल्या खाचेत फुगतात, आकसतात आणि बाहेरून दाराचं माप बदलत नाही. सॉलिड लाकडाचं टेबल बनवून घेताना हीच युक्ती वापरायला सांगा. वरची फळी खालच्या सांगाड्याला स्क्रूने जोडायची असेल तर भोक गोल नको, लांबट हवं. स्क्रूला सरकायला जागा राहिली, की फळी तडकत नाही.

वखारीत गेल्यावर

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडच्या वखारी. एकदा तरी चक्कर मारा. मॉलपेक्षा वास छान असतो!

सागाची महती काय सांगावी? मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये आपल्या बल्लारपूरचं सागवान गेलं. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्ही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत.

पण थांबा, हे कौतुक सागाच्या गाभ्याचं आहे. सालीजवळचा पांढुरका भाग हा नावाने साग असला तरी गुणाने नाही. वाळवीला तो बिनदिक्कत आवडतो. पैसे सागाचे आणि फळीत निम्मा पांढरा भाग, हा वखारीतला नेहमीचा खेळ. फळी दोन्ही बाजूंनी उलटून बघा. एका टोकाला डोळा लावून रेषेत बघा, पीळ पडलेला लगेच दिसतो. टोकाच्या चिरा मोजा, कारण तेवढी लांबी वाया जाणार आहे आणि पैसे मात्र पूर्ण घनफुटाचे.

मग ओलेपणा. ‘एकदम सुखा माल है साब’ यावर विश्वास ठेवू नका. ओलावा मोजायचं दोन पिनांचं छोटं मीटर मिळतं. चार मित्रांत मिळून एक घ्या. फर्निचरच्या लाकडाचा आकडा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा. तो वीसच्या घरात असेल, तर ते लाकूड तुमच्या एसी बेडरूममध्ये येऊन वाळणार आणि वाळताना वाकणार. चांगलं लाकूडही घरी आणल्या आणल्या कापू नका. मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असं दोन आठवडे तिथेच रचून ठेवा. त्याला तुमच्या घराची सवय होऊ द्या. नव्या सुनेला देतो तेवढा वेळ लाकडालाही द्यावा!

बजेट कमी असेल तर पाइन आणि रबरवुड आहेत. पाइन मऊ असतं, कापायला सोपं, म्हणून पहिल्यावहिल्या शेल्फसाठी उत्तम. फक्त नख लागलं तरी खूण उमटते, हे लक्षात ठेवा. रबरवुड दिसायला देखणं, पण किडीला लवकर बळी पडतं. ते प्रक्रिया केलेलंच घ्या आणि बाल्कनीत ठेवू नका.

थ्री-नॉट-थ्री आणि सेव्हन-टेन

फ्लॅटमधलं बहुतेक फर्निचर प्लायचं असतं आणि त्यात काही चूक नाही. पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवल्यामुळे प्लाय रुंदीलाही फारसा हलत नाही. प्रश्न असतो तो थरांमधल्या ग्लूचा.

दुकानात गेलात की शीटवरचा छापा वाचा. ‘आयएस ३०३’ म्हणजे बंदूक नव्हे, सर्वसाधारण वापराचा प्लाय. त्यात ‘एमआर’ हा ग्रेड येतो. दुकानदार त्याला कमर्शियल म्हणतात. एमआर म्हणजे दमटपणाला थोडाफार टिकणारा. वॉटरप्रूफ नव्हे! याचे थर सहसा युरियाच्या रेझिनने जोडलेले असतात, आणि ते पाण्यात सुटतं. त्याच्या वरचा ‘बीडब्ल्यूआर’. आणि ‘आयएस ७१०’ म्हणजे मरीन प्लाय. त्यात फिनॉलचं रेझिन असतं, आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत अशी त्याची परीक्षा असते.

मग सगळीकडे ७१० लावायचा का? मुळीच नाही. पुस्तकांचं शेल्फ, टीव्ही युनिट, बेडचा हेडबोर्ड, इथे चांगला एमआर पुरतो. किचनची बेसिनखालची कपाटं, बाथरूमचं व्हॅनिटी, बाल्कनीतलं स्टोअरेज, आणि ज्या भिंतीतून दर वर्षी ओल येते तिला टेकलेला वॉर्डरोब, इथे मात्र ७१० वर कंजूषी नको. पार्टिकल बोर्ड तर बेसिनखाली आणूच नका. तो भुशाचा असतो. एकदा फुगला, की पुन्हा मूळ जागी येत नाही आणि त्यातले स्क्रूही सुटतात.

इथे एक ट्रिक. प्लाय पाणी पितो तो मुख्यतः कडेने. समोरून लॅमिनेट चकाचक, आणि सिंकच्या पाइपसाठी मागे पाडलेलं भोक मात्र उघडं! काम चालू असतानाच मिस्त्रीला सांगा: प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक भोक सील करायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि किचनचं आयुष्य त्याने वाढतं.

आणखी एक. नवीन फर्निचर आलं की डोळे चुरचुरतात ना? तो ‘नवेपणाचा वास’ बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं. घाबरून जायचं कारण नाही. पण शीटवर ‘ई-वन’ लिहिलेलं आहे का ते बघा, आणि नव्या वॉर्डरोबची दारं-खिडक्या काही आठवडे उघडी ठेवा. घरात बाळ असेल तर नक्कीच.

जोड सुटतो कशाने?

१९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि सुतारांची सरस उकळण्यापासून सुटका झाली. हा पांढरा ग्लू पाण्यात मिसळलेला असतो. ते पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की जोड पक्का होतो. म्हणजे पुन्हा पाणीच! यातून तीन नियम निघतात.

एक, दोन्ही तुकडे घट्ट दाबून ठेवावे लागतात. हा ग्लू फट भरत नाही. क्लॅम्प लावून दाबल्यावर कडेने बारीक थेंब बाहेर आले, की प्रमाण बरोबर. ते ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर पॉलिश करताना तिथे पांढरे डाग राहतात. दोन, पूर्ण ताकद यायला एक अख्खा दिवस द्या. पावसाळ्यात जास्तच. रात्री चिकटवलेल्या स्टुलावर सकाळी बसू नका. तीन, फळीच्या कापलेल्या टोकाला ग्लू धरत नाही, ते टोक स्ट्रॉसारखं सगळा ग्लू पिऊन टाकतं. म्हणून सुतार एका तुकड्यात खाच आणि दुसऱ्याला जीभ काढून जोड करतात. नुसतं टोकाला टोक चिकटवलं तर पहिल्या पाहुण्याबरोबर खुर्ची गेलीच समजा.

जिथे ओल आहे तिथे पाण्याला टिकणारा ग्लू मागा. डब्यावर ‘डी-थ्री’ किंवा ‘डी-फोर’ लिहिलेलं असेल तर उत्तम. जिथे फट भरायची आहे किंवा धातू-लाकूड जोडायचं आहे तिथे दोन ट्यूबवालं इपॉक्सी. लॅमिनेटच्या कडांना रबरवाला ग्लू चालतो. तो दोन्ही बाजूंना लावून, सुकू देऊन मग चिकटवतात. पण खुर्चीच्या जोडात तो नको, कारण वजनाखाली तो हळूहळू ताणला जातो. वास उग्र, आणि आग चटकन पकडतो, तेव्हा शेजारी गॅस चालू नको. फेविक्विक तुटलेल्या चिपला ठीक आहे, खुर्चीच्या पायाला नाही.

साग चिकटवताना त्याचं तेलच आडवं येतं. ग्लू लावण्याआधी जोडाची जागा थिनर किंवा अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि लगेच चिकटवा.

गणपतीआधी पॉलिश? थांबा!

घरोघरी एकच आग्रह असतो: ‘गणपतीच्या आधी पॉलिश झालंच पाहिजे.’ आणि पॉलिशसाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ कोणता? तोच! दमट हवेत लाखेचं पॉलिश किंवा लॅकर मारलं, की हवेतलं पाणी त्या थरात अडकतं आणि दुधासारखा पांढरेपणा येतो. दसऱ्यानंतर ऑक्टोबर हीट सुरू झाली की करा. बाप्पा समजून घेतील.

कुठलं पॉलिश? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुनं लाखेचं पॉलिश दिसायला अप्रतिम. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यासुद्धा याच लाखेच्या असायच्या. चरा पडला तर पुन्हा तेच लावून सहज दुरुस्त होतं. पण गरम चहाचा कप आणि व्हिस्कीचा थेंब, दोन्ही त्याचे शत्रू. तेव्हा आरसा, कपाट, फोटोफ्रेम यांना लाख. डायनिंग टेबलला पीयू. मेलामाइन मधलं. टणक आणि स्वस्त, पण त्याच्या वासात पुन्हा फॉर्मल्डिहाइड असतं. घरात राहून पीयू किंवा मेलामाइनचा स्प्रे मारून घेऊ नका. काम बाहेर करा, नाहीतर त्या दिवसांत मावशीकडे जा.

स्वतः करायचं असेल तर जवसाचं तेल सगळ्यात सोपं. फडक्याने लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल मात्र नको. ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल हवेशी संयोग पावून सुकतं आणि सुकताना गरम होतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. फडकं बाहेर सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून टाका.

आणि कुठलंही पॉलिश असो, टेबलाची खालची बाजूही पॉलिश करायला लावा. फक्त वरून केलं, तर एक बाजू वाफ पिते, दुसरी पीत नाही, आणि फळीला बाक येतो. कुठलंच पॉलिश पाण्याची वाफ शंभर टक्के अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. तो दोन्हीकडे सारखा कमी झाला पाहिजे, बस.

हत्यारं किती?

ड्रिलचा बारा तुकड्यांचा सेट बघून वाहवत जाऊ नका. सुरुवातीला टेप, गुण्या, बारीक दातांची करवत, दोन पटाश्या, धार लावायचा दगड, साधं ड्रिल आणि चार क्लॅम्प एवढं पुरे. ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर घ्या, त्याच क्रमाने आणि रेषांच्या दिशेने घासा. आडवं घासलेलं पॉलिशनंतर ओरखड्यांसारखं दिसतं. प्लाय घरी कापू नका. बऱ्याच दुकानांत मापाप्रमाणे मशिनवर कापून मिळतो. कड सरळ येते आणि सोसायटीचे सेक्रेटरीही शांत राहतात. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईट, तेव्हा घासताना एन-९५ मास्क. कोविडमधले उरले असतील तर ते काढा! पटाशी बोथट ठेवू नका. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि मग ती सटकून बोटात घुसते. जून लागायच्या आधी सगळ्या लोखंडाला मशिनचं तेल पुसून ठेवा. पाऊस हत्यारांनाही लागतो.

आणि तुम्ही स्वतः करवत कधीच धरणार नसाल, तरी चालेल. पुढच्या वेळी कोटेशन हातात आलं की फक्त पाच प्रश्न विचारा. प्लाय कुठल्या ग्रेडचा? लाकडात ओलावा किती? ओल्या जागी ग्लू कुठला? कडा आणि भोकं सील करणार का? खालून पॉलिश करणार का? चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात. इतकी वर्षं तो कडा सील करत आला आणि एकाही मालकाचं लक्ष गेलं नव्हतं, त्याला आज कुणीतरी विचारलेलं असतं. प्रश्न ऐकून ‘साब, टेन्शन मत लो’ एवढंच म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि दुसरं कोटेशन मागवा.

पुढच्या आठवड्यात पटाशीला धार कशी लावायची ते बघू. तोवर एक काम करा. स्टुलावर चढा आणि बेडरूमच्या दाराची वरची कड हाताने चाचपून बघा. खरखरीत लागली ना?